हायरूलचा किल्ला: आत शिरता यावं म्हणूनच बांधलेला

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या लालबागच्या चाळीत पोरांचं किल्ल्याचं काम चाललं होतं, खाली विटा आणि डबर, वरून गोणपाट, त्यावर लाल मातीचा चिखल आणि त्यात हळीव टाकलेले, आणि माझा भाचा, सहावीत आहे, कोपरापर्यंत चिखलात बरबटलेला, मधेच म्हणाला की यंदा रायगड नको, हायरूल कॅसल करूया. बाकीच्या पोरांनी त्याला वेड्यात काढलं ते सोडा. पण मग दरवाजा कुठे ठेवायचा यावरून भांडण जुंपलं तेव्हा हा पठ्ठ्या म्हणतो, दरवाजाचं टेन्शनच नको, तिथे कुठूनपण चढता येतं. मोठा पोरगा वैतागून म्हणाला, कुठूनपण चढता येतं तर तो किल्ला कसला रे?

आता हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाहीये. त्याचं उत्तर मी तिथे उभ्या उभ्या द्यायला गेलो आणि अर्ध्यातच हाक आली म्हणून वर गेलो, तर ते नीट इथे लिहितोय. ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही त्यांनापण कळेल असं.

आधी हायरूल म्हणजे काय ते. निन्टेन्डो या जपानी कंपनीची 'द लेजंड ऑफ झेल्डा' नावाची गेमची मालिका आहे, १९८६ पासून चालू. तलवार घेऊन फिरतो तो पोरगा म्हणजे झेल्डा असं सगळ्यांना वाटतं, तो झेल्डा नाही, तो लिंक. झेल्डा ही राजकन्या. गॅनन हा राक्षस, दर पिढीत कुठल्या ना कुठल्या रूपात परत येणारा. आणि हायरूल हे राज्य, ज्याच्या राजधानीचा किल्ला म्हणजे हायरूल कॅसल. हा किल्ला बऱ्याच गेममध्ये आहे आणि दरवेळी वेगळा आहे. १९९१ च्या 'अ लिंक टू द पास्ट'मध्ये भर पावसात, रात्री, एका झुडपाखालच्या भोकातून आत उडी मारायची असते. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये पहारेकऱ्यांची नजर चुकवून अंगणापर्यंत जायचं, आणि नंतर सात वर्षं पुढे गेलात की तोच किल्ला नाहीसा होऊन तिथे लाव्हावर अधांतरी गॅननचा वाडा. २००२ च्या 'द विंड वेकर'मध्ये तर तो समुद्राच्या तळाशी, काळ थांबलेला असा सापडतो. पण मला बोलायचंय ते २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधल्या किल्ल्याबद्दल, कारण तिथे त्यांनी जे केलंय ते भारीच आहे.

गोष्ट अशी की शंभर वर्षांपूर्वी गॅनन आला, राज्य बुडालं, लिंक मरता मरता वाचला आणि शंभर वर्षं झोपून राहिला. झेल्डा मात्र त्या किल्ल्यात गॅननला एकटीने रोखून धरून उभी आहे. शंभर वर्षं. तुम्ही जागे होता ते एका उंच पठारावर, आठवण काही शिल्लक नाही, अंगात धड कपडे नाहीत, जीव म्हणून तीन लाल बदाम. तिथे एक म्हातारा भेटतो, तो थोड्या वेळाने एका पडक्या देवळाच्या छपरावर तुम्हाला बोलावतो आणि सांगतो की मी या राज्याचा शेवटचा राजा आहे, म्हणजे होतो, मी मेलोय. आणि समोर बोट दाखवतो. लांब, सपाट मैदानाच्या पलीकडे काळा किल्ला आणि त्याच्याभोवती घोंघावणारा लालकाळा धूर. मग तो तुम्हाला एक छत्रीसारखं ग्लायडर देतो, आणि तुमच्या कामाच्या यादीत लिहून येतं, गॅननचा नाश करा.

बस. झालं. इथून पुढे तुम्हाला कोणी अडवत नाही. नेहमीच्या गेममध्ये शेवटच्या राक्षसाच्या घराला कुलूप असतं, आधी सात किल्ल्या गोळा करा, आठ मणी आणा, मग दार उघडणार. इथे कुलूपच नाही. पहिल्या तासा-दोन तासातच तुम्ही नाकासमोर चालत जाऊन शेवटच्या लढाईला उभे राहू शकता. असं करून अख्खा गेम अर्ध्या तासाच्या आत संपवणारी माणसं आहेत जगात, खरंच आहेत, त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याला आपल्याच आयुष्याची लाज वाटते.

मग सगळे सरळ का जात नाहीत? भीती वाटते म्हणून, एवढंच आहे. किल्ल्याभोवतीच्या मैदानात गार्डियन नावाची यंत्रं फिरतात, खेकड्यासारखे सहा-सात पाय, एक निळा डोळा. तुम्ही दिसलात की तो डोळा तुमच्यावर लाल रेघ मारतो, टिकटिक टिकटिक आवाज वाढत जातो, आणि मग एकच झोत, खेळ खल्लास. तीन बदामात तो झोत झेपतच नाही. म्हणजे कुलूप आहे, पण ते दाराला नाही, तुमच्या मनाला लावलंय. आणि त्याची किल्ली म्हणजे तुमची तयारी. किती तयारी पुरे ते तुम्हीच ठरवायचं, गेम काही बोलत नाही. जगात इतरत्र चार महाकाय यंत्रप्राणी आहेत, ते सोडवलेत तर शेवटच्या लढाईत ते लांबून तोफ डागून गॅननचा अर्धा जीव आधीच काढतात. नाही सोडवलेत तर त्या चौघांना ज्यांनी अडकवलंय ते चार राक्षस गॅननच्या आधी तिथेच एकामागून एक अंगावर येतात. म्हणजे शॉर्टकट मारलात तर बिल शेवटी एकदम येतं.

आता तो किल्ला सतत नजरेसमोर कसा ठेवलाय ते बघा. लालबाग-परळमध्ये जे वाढलेत त्यांना हे पटकन कळेल. पूर्वी आम्ही कुठेही हुंदडत गेलो तरी गिरणीची चिमणी दिसायची, आणि चिमणी कुठल्या बाजूला आहे त्यावरून घर कुठे ते कळायचं, नकाशा कोणाला लागत होता? हायरूल कॅसल ही त्या जगाची चिमणी आहे. नकाशाच्या मधोमध, भोवती मोकळं मैदान, म्हणजे डोंगरावर चढा, मनोऱ्यावर चढा, वळून पाहिलंत की तो आहेच. बर्फात आहात, वाळवंटात आहात, कोणाच्या तरी कोंबड्या शोधून देताय, आणि मधेच तो धूर दिसतो आणि आठवतं की अरे, ती बाई तिथे अजून उभी आहे.

तांत्रिक बाजूने याच्यामागे साधी युक्ती असते. लांबचा किल्ला आणि जवळचा किल्ला ही खरं तर वेगवेगळी मॉडेलं असतात. लांबून दिसतो तो ओबडधोबड आकार, कमी रेघांचा, मशीनला सोपा. जवळ जाल तशी त्याच्या जागी बारीक नक्षीवाली मॉडेलं येत जातात. आपल्याला वाटतं एकच किल्ला बघतोय. गणपतीच्या मंडपाचा देखावा लांबून राजवाडा दिसतो आणि जवळ गेल्यावर थर्माकोल, त्याच्या बरोब्बर उलटं.

पण नुसतं दिसून चालत नाही, अधूनमधून लपावंही लागतं. हा गेम बनवणाऱ्या लोकांनी २०१७ मध्ये जपानमधल्या एका गेम डेव्हलपर परिषदेत सांगितलं होतं की त्यांनी सगळी जमीन त्रिकोणाच्या हिशोबाने रचली. म्हणजे टेकडी घ्या, समोरून बघितली तर त्रिकोण. त्रिकोण समोर आला की दोन गोष्टी होतात, एक तर तुम्हाला ठरवावं लागतं की वरून चढून जायचं का वळसा घालायचा, आणि दुसरं, त्याच्यामागे काय आहे ते झाकलं जातं, मग चालता चालता ते हळूहळू उघडं पडतं. मोठे त्रिकोण लांबून खुणावतात, मधले आड येतात, छोटे चालीचा वेग बदलतात. ट्रेकला जाणाऱ्यांना हे सांगायची गरजच नाही. शेवटच्या सोंडेवरून वर आलात की गड एकदम समोर उभा राहतो ना, आणि पाच मिनिटांपूर्वी काहीच दिसत नव्हतं, तेच. गेमचा दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी हा क्योतोचा, त्याने तर आपल्या गावाचा नकाशा गेमच्या नकाशावर ठेवून बघितला होता, ओळखीच्या दोन ठिकाणांमध्ये जेवढं चालावं लागतं त्यावरून अंतरांचा अंदाज घ्यायला. मुंबईकराने हे केलं असतं तर अंतर स्टेशनांत मोजलं असतं आणि गॅनन बहुतेक मेगाब्लॉकमध्ये अडकला असता.

बरं, आता आत. आणि इथे त्या मोठ्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

खरा किल्ला बांधणाऱ्याचं डोकं एकाच दिशेने चालतं, शत्रू आत येता कामा नये. रायगडाचा महादरवाजा घ्या, दोन बुरुजांच्या मधे असा काही दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दार कुठे तेच कळत नाही, आणि तिथवर येणारा माणूस चढून दमलेला, वरच्यांच्या माऱ्यात. आणि हिरकणीची गोष्ट तर सगळ्यांना माहितीय, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं बाळ, म्हणून ती गवळण सरळ कडा उतरून गेली. तिथे मग काय झालं? महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि त्या जागी बुरूज बांधला. म्हणजे कौतुक वेगळं आणि भोक बुजवणं वेगळं! माणूस उतरू शकतो म्हणजे माणूस चढू शकतो, ती वाट बंद व्हायलाच हवी.

गेमवाल्याने त्या जागी काय केलं असतं? त्याने कडा तसाच ठेवला असता, मधे दम खायला एक पायरीएवढा खडक काढला असता, आणि वर पोचल्यावर एक पेटी ठेवली असती.

हायरूल कॅसलमध्ये नेमकं हेच आहे. बघताना सगळी लक्षणं अस्सल किल्ल्याची. चारी बाजूला खंदक. समोरून जाणारा मोठा रस्ता नागमोडी, दोन मोठ्या देवड्या पार करून वर जाणारा, प्रत्येक वळणावर यंत्रांचा पहारा, वरून उडणारे गार्डियन घिरट्या घालतायत ते वेगळेच. समोरून गेलात तर लढाईच लढाई. पण लिंकला चढता येतं. त्याच्या बाजूला एक हिरवं चक्र दिसतं, तो त्याचा दम, चढताना ते कमी कमी होत जातं, संपलं की हात सुटला आणि खाली. आणि तुम्ही नीट बघितलंत तर जिथे जिथे चक्र संपत येतं तिथे तिथे तटाला कुठेतरी खोबण, तुटका सज्जा, कलंडलेला खांब सापडतो, उभं राहून दम घ्यायला. पडझड दाखवायला म्हणून ठेवलेत असं वाटतं, पण ती जिन्याची पायरीच आहे हो. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवसापासून मला तो किल्ला दुष्ट वाटायचा बंद झाला. कोणीतरी आपली वाट बघत पायऱ्या ठेवून गेलंय असंच वाटतं.

दुसरी वाट मागून, पाण्यातून. किल्ल्याच्या पोटात चक्क गोदी आहे, खडकाच्या आत, बोटी लागायला. खंदकातून पोहत किंवा तराफ्यावरून तिथे शिरायचं, अंधारात मशाल पेटवायची, आणि आतल्या आत वर ग्रंथालयाकडे सरकायचं. माझी सगळ्यात लाडकी वाट हीच. आपल्याकडच्या चोरदिंडीसारखी, फक्त चोरदिंडी आतल्या माणसाला पळायला असते, ही बाहेरच्याला घुसायला. तिसरी वाट धबधब्यांची, मासेलोकांचा एक अंगरखा मिळतो तो घातला की लिंक धबधब्यातून उलटा वर पोहतो. चौथी, लांबच्या उंचीवरून ग्लायडरने तरंगत यायचं. आणि हे सगळं करताना मधे कुठेही दार उघडलं की काळी स्क्रीन आणि 'लोडिंग' असं येत नाही. बाहेरच्या तटावरून खिडकीतून आत उडी मारा, पलीकडून बाहेर पडा, सलग. त्यामुळेच तो इमारत वाटतो, स्टेज वाटत नाही. उलट एवढा गुंता आहे की इतर जगाचा नकाशा सपाट कागदासारखा असला तरी किल्ल्यात शिरलात की नकाशा त्रिमितीय होतो, गोल फिरवून बघायचा, तरीही मी दोनदा एकाच जेवणघरात येऊन पोचलो होतो.

संगीताचीपण एक गंमत. बाहेर तटावर असाल तर मोठा वाद्यवृंद, ढोलबिल जोरात. खोलीत शिरलात की तीच धून, तेवढ्याच ठिकाणापासून पुढे, पण मऊ, घरातली. त्या धुनीत झेल्डाची अंगाई आणि गॅननची चाल दोन्ही मिसळलेल्या आहेत. म्हणजे किल्ला कोणाच्या ताब्यात आहे याचं उत्तर ऐकूनच कळतं: दोघांच्या.

ताबा म्हटलं की तो गेला कसा हे सांगायलाच पाहिजे, कारण ते आपल्या फार ओळखीचं आहे. हा किल्ला कोणी तोफा लावून, वेढा देऊन घेतलेला नाही. ती खेकडायंत्रं राजाचीच. दहा हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजांनी बनवलेली, जमिनीतून खणून काढून, दुरुस्त करून, गॅनन आला की आपल्या बाजूने लढतील म्हणून तैनात केलेली. किल्ल्याभोवती पाच प्रचंड खांब जमिनीतून वर आले, त्यात भरलेली. गॅनन आला आणि त्याने सगळ्यात आधी त्यांच्यातच शिरून ती फिरवली. फितुरी! ज्या पहाऱ्यावर राजाची भिस्त होती तोच पहारा उलटला. आपल्याकडे किती गड असे गेलेत ते कोणाला सांगायला नको. म्हणून तर मैदानातला प्रत्येक गार्डियन बघताना नुसता शत्रू दिसत नाही, राजाची चूक चालताना दिसते.

राजसत्तेची जागा म्हणून हा किल्ला वाचायचा असेल तर सिंहासनाच्या खोलीत फार काही मिळत नाही, तिथे मारामारी आहे. खरं राज्य खोल्यांमध्ये सापडतं. ग्रंथालयात एक लोखंडी कपाट आहे, चुंबकशक्ती वापरून ते सरकवलं की मागे राजाची छोटी खोली, आणि टेबलावर त्याची डायरी. पोरीला सतत टोचून बोलायचा हा माणूस, यंत्रांचा नाद सोड, प्रार्थना कर, तुझ्यात ती शक्ती जागी व्हायलाच पाहिजे. आणि शेवटी लिहितो की आता ती डोंगरावरून परत आली की तिच्याशी नीट बोलेन, तिला तिचं संशोधन करू देईन. ती परत यायच्या आतच गॅनन आला. झेल्डाच्या खोलीत तिचीपण डायरी आहे, त्यात तिने लिंकला विचारलंय की तू बोलत का नाहीस, आणि त्याने सांगितलंय की सगळ्यांच्या नजरा माझ्यावर असतात, म्हणून सगळं आत ठेवून गप्प राहायची सवय झालीय. तीसेक वर्षं हा हिरो मुका का, यावर लोक जोक मारायचे, आणि त्याचं उत्तर असं एका पडक्या खोलीत वहीत ठेवून दिलंय. ते वाचलं नाहीत तरी गेम संपतो. मला हा त्यांचा मोठेपणा वाटतो, कोणाला वाटेल फुकट घालवलं.

आपल्या मुंबईत याच्या उलट झालंय बघा. बॉम्बे कॅसल हे इंग्रजांचं पहिलं सत्ताकेंद्र, ते आता नौदलाच्या आयएनएस आंग्रेच्या आवारात, आपल्याला सहज जाताही येत नाही. भोवतीच्या शहराची तटबंदी बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६० च्या दशकात पाडली. दीडशे वर्षांवर झाली, पण आपण अजून 'फोर्टात जाऊन येतो' म्हणतो आणि चर्चगेटला उतरतो, गेट कुठेय ते कोणी विचारत नाही. इथे किल्ला गेला आणि नाव राहिलं, हायरूलमध्ये किल्ला राहिला आणि राज्य गेलं.

२०२३ च्या पुढच्या भागात, 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये, तोच किल्ला जमिनीपासून उखडून हवेत तरंगतो आणि खाली भलंमोठं विवर. तिथे कळतं की तो त्या जागी बांधलाच होता खालच्या कैद्यासाठी. फार जुन्या काळी पहिल्या राजाने, राउरूने, स्वतःचा जीव लावून एका राक्षसराजाला जमिनीखाली डांबलं आणि वर किल्ला आला. म्हणजे एवढं सगळं सिंहासन, ग्रंथालय, गोदी, हे एका पातेल्यावरचं झाकण होतं.

झाकणावरून आठवलं, भाच्याचं राहिलंच. त्याला मी भाऊबीजेच्या दुपारी गेम लावून दिला. पठारावरून उतरल्या उतरल्या हा सरळ किल्ल्याकडे पळत सुटला, मी काही बोललो नाही. नऊ वेळा मेला. मग त्याच्या हातात असलेली ढाल मी बघितली, ती ढाल नव्हती, पातेल्याचं झाकणच होतं, गेममध्ये खरंच तसं झाकण मिळतं. मी म्हटलं, झोत सुटतो त्या क्षणी झाकण पुढे ढकल, फक्त टायमिंग बघ. दहाव्यांदा टिकटिक वाढली, त्याने श्वास रोखला, झाकण ढकललं आणि झोत उलटा फिरून गार्डियनच्या डोळ्यात. चाळीतल्या अर्ध्या लोकांना वाटलं भारताची विकेट पडली की काय, एवढा ओरडला. पण त्यानंतर तो पुढे नाही गेला. मागून गोदीकडे वळला, पोहत आत शिरला, लपतछपत ग्रंथालयात पोचला, आणि तिथे त्याला राजघराण्याची फ्रूटकेकची रेसिपी सापडली. गॅनन वरच्या मजल्यावर. हा आजीला वाचून दाखवतोय, सफरचंद, अजून एखादं फळ, गहू आणि साखर.

आई चकली मोडता मोडता म्हणाली, आणि खायचा सोडा?